गुलाबसिंगच्या लाहेला कोण आलं होतं

गुजरातेतली ऊसतोड संपवून गुलाबसिंग आणि रेवाबाई डोंगरात परतले, तेव्हा घराचा मधला खांब वाळवीनं आतून खाल्लेला होता. बाहेरून तो धडधाकट दिसत होता. रेवाबाईनं दमून त्याला पाठ टेकली आणि सालीसकट मातीचा भुगा तिच्या मानेवर पडला. तिनं वर पाहिलं. घराचं आढं एका अंगाला कललं होतं, आणि त्यावरचे कौलांचे नळे एकमेकांवर सरकून बसले होते.

"हे घर पावसाळा काढत नाही," ती म्हणाली.

गुलाबसिंगला यावर वाद घालता येण्यासारखं काही नव्हतं. म्हणून त्यानं तंबाखू मळली.

बोरीआंब्यात घर मजुरीनं बांधत नाहीत. घर बांधायचं तर लाह बोलवायची. ज्याचं काम असेल त्यानं पाड्यापाड्यावर जायचं, प्रत्येकाच्या अंगणात उभं राहायचं, दिवस सांगायचा आणि पुढं निघायचं. त्या दिवशी माणसं आपापली कुऱ्हाड, आपापला दोर घेऊन उजाडायच्या आत येतात. दुपारी बकरं, डाळ-भाकरी आणि मोहाची. पैशाचं नाव नाही. फक्त ज्यानं लाह बोलावली त्यानं कोण कोण आलं ते ध्यानात ठेवायचं असतं. त्यांचं काम निघालं की हा जाणार. आणि पुढं कधीही, लग्नात, पंचात, बाजाराच्या वाटेवर कुणी विचारलं की तुझ्या लाहेला कोण आलं होतं, तर त्यानं एकूण एक नाव घ्यायचं, आले त्या क्रमानं. एखादं नाव विसरलं तर चारचौघांत त्या माणसाच्या थोबाडीत मारल्यासारखं होतं. शेजारच्या पाड्यावर अशाच एका विसरलेल्या नावापायी दोन भावांच्या घरांत पाणी चालत नव्हतं, आणि ते नाव विसरणारा माणूस मरूनही जमाना झाला होता.

गुलाबसिंगला स्वतःचं वय सांगता येत नसे. त्याच्या आधार कार्डावर अख्ख्या गावासारखाच एक जानेवारीचा जन्म होता. पण लाहेतल्या नावांच्या बाबतीत तो चुकलेला कुणी पाहिला नव्हता.

त्याच वर्षी सरकारनं बोरीआंब्याला दहशतवादापासून वाचवायचं ठरवलं होतं.

कुठल्याशा कार्यालयात कुणीतरी नकाशावर एका जंगलापासून दुसऱ्या जंगलापर्यंत रेघ ओढली होती आणि ती नेमकी बोरीआंब्यावरून जात होती. या रेघेवरून अजून कुणी दहशतवादी आलेला नव्हता. एसटी खाली घाटाच्या तोंडाशीच थांबते, तिथून पुढं दोन डोंगर चालावं लागतं, हेही त्याचं कारण असू शकेल. पण रेघ होती, म्हणून विशेष पथक आलं. ते आश्रमशाळेच्या पक्क्या इमारतीत उतरलं. पोरांना बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये बसवलं. दाराशी वाळूची पोती लागली, भोवती काटेरी तार आली आणि बोरीआंबा सुरक्षित झाला.

पथकाचे प्रमुख मोहितेसाहेब स्वभावानं वाईट नव्हते. सकाळी प्राणायाम करत. तरुणांनी वाईट मार्गाला लागू नये म्हणून त्यांनी गावाला व्हॉलीबॉलची जाळी दिली होती. ती गावातल्या बेबीबाईनं कोंबड्यांच्या खुराड्याला लावली. पहिल्या महिन्याच्या अहवालात साहेबांनी शून्य लिहिलं. दुसऱ्या महिन्यातही शून्यच. तिसऱ्या महिन्यात वरून फोन आला. तिथं कुणी नाही म्हणून शून्य आहे, की तुम्हाला सापडत नाही म्हणून शून्य आहे? या प्रश्नाला नोकरी टिकेल असं एकच उत्तर असतं.

मग हुकूम निघाले. पाच किंवा जास्त लोकांनी परवानगीवाचून जमायचं नाही. तीर-कामठा घेऊन हिंडायचं नाही. हे सगळं भोंग्यावरून शुद्ध मराठीत सांगितलं गेलं, आणि गावानं ते दूरच्या लग्नातला बँड ऐकावा तसं ऐकून घेतलं. नाल्यावर तपासणीचं आडवं लाकूड पडलं. गवताचा भारा असेल तर जवान त्यात सळई खुपसून बघत. बायकांची झडती घ्यायला बाईशिपाई फक्त मंगळवारी येई. म्हणून बाकीच्या दिवशी बायकांनी आपल्या हातानं पदर झटकून, ओचा सोडून दाखवायचा, अशी सोय साहेबांनी केली होती. कुणा बाईला हात लावायचा नाही, अशी त्यांची सक्त ताकीद होती. याचा त्यांना अभिमान होता. रेवाबाई पहिल्या दिवशी ओचा झटकून घरी आली आणि चुलीपुढं बसली. तिनं भाकरी थापली ती परातीला चिकटेपर्यंत थापत राहिली. गुलाबसिंगनं काय झालं म्हणून विचारलं नाही. तो स्वतः त्याच लाकडाशी कान धरून उभा राहून आला होता. त्याच्या खिशात तंबाखूच्या चुन्याची डबी सापडली होती, आणि ती कशाची पूड आहे ते कळेपर्यंत त्याला उन्हात उभं ठेवलं होतं.

अशा दिवसांत त्यानं लाह बोलावली. परवानगी काढावी असं त्याच्या मनातही आलं नाही. लाह ही जमण्यात मोडते हे त्याला कळायला हवं होतं, असं नंतर कागदांत आलं.

मे महिना होता. ऊन चढायच्या आत खड्डे व्हावेत म्हणून माणसं अंधारातच पाड्यांवरून निघाली. खांद्यावर कुऱ्हाडी, कमरेला दोर, दोघातिघांकडे सवयीनं तीर-कामठा. रेवजी डाया, म्हणजे पाड्याचा कारभारी म्हातारा, आढं घेऊन आला. त्याच्या बांधावरचं साग होतं ते, त्यानंच दिलेलं. पुढचं टोक त्याच्या खांद्यावर होतं. चढावर तरण्या पोरांनी दोनदा म्हटलं की डाया, बदली दे. त्यानं टोक सोडलं नाही. अंगणात येऊन आढं खाली ठेवलं तेव्हा त्याच्या खांद्याची कातडी निघाली होती आणि तो बायकांकडं बघून हसत होता. रेवाबाईनं त्याला हळद लावली.

सकाळभर काम चाललं. खड्डे खणले, खांब रोवले, धुमुस मारून माती बसवली. दुपार होईतो नऊ खांब ओळीत उभे होते. दोन माणसं वर चढून खाचा पाडत होती, खाली बकरं शिजत होतं.

हे सगळं वरून ड्रोननं पाहिलं. वरून पाहिलं की घर दिसत नाही. उजाडण्यापूर्वी वेगवेगळ्या दिशांनी येऊन एकत्र झालेली हत्यारबंद माणसं दिसतात, आणि मधोमध खांबांची एक रचना, जिच्यावर ती चढतात, उतरतात. साहेबांनी स्क्रीनकडं बराच वेळ पाहिलं. पोलीस अकादमीत त्यांनी स्वतः अशाच खांबांवर कसरत केली होती.

पथक आलं तेव्हा माणसं पळाली. जंगलखात्याचा गार्ड आला की पळायचं, ही आजोबांपासूनची सवय होती. पळणं हा दुसरा पुरावा झाला. गुलाबसिंग तेवढा पळाला नाही. लाह त्याची होती, आणि पाहुणे जेवल्याशिवाय घरधनी अंगण सोडत नाही. जप्तीत कुऱ्हाडी, दोर, तीर-कामठे आणि आढं दाखवलं. बकरं पंचनाम्यात आलं नाही.

चौकशीचे पहिले दोन दिवस वाया गेले. गुलाबसिंगच्या तळपायांवर काठी बसे आणि विचारलं जाई की कमांडर कोण, पैसा कुठून येतो, प्रशिक्षण किती दिवसांचं होतं. त्याला सांगायची इच्छा होती. पण त्यांना काय हवं आहे तेच समजत नव्हतं, म्हणून तो गप्प राही, आणि साहेब म्हणत की मुरलेला आहे.

दुभाष्या म्हणून शिपाई भूपेंद्र होता. खाली सपाटीवरच्या कळसाडीचा, घरची केळी आणि ऊस. त्याला स्थानिक भाषा येते म्हणून इथं नेमला होता. येत होती ती अहिराणी, जी बोरीआंब्यात कुणाचीच नाही. गुलाबसिंग शहाद्याकडं मजुरीला जाऊन ती थोडी शिकला होता, तेवढ्यावर चौकशी चालली होती. तिसऱ्या दिवशी भूपेंद्र कंटाळला. साहेब फोनवर होते. त्यानं काठी बाजूला ठेवली आणि आपल्या गावात विचारावं तसं विचारलं.

"भो, त्या दिन तुन्हा घर कोन कोन उनथात, तेवढं तरी सांग ना."

गुलाबसिंग सरळ बसला. सुजलेले पाय त्यानं जवळ ओढून घेतले. हा प्रश्न त्याला कळला होता, आणि याला न सांगणं त्याला शक्यच नव्हतं. त्यानं पहिल्यांदा रेवजी डायाचं नाव घेतलं, मग भीमसिंगचं, मग पाड्यानं पाड्यानं, आले त्या क्रमानं, बापाच्या नावासकट. घाईत भूपेंद्रनं एक नाव गाळलं तर त्यानं त्याला थांबवून ते घालायला लावलं. उदेसिंगला ताप होता, तो आला नव्हता, पण त्यानं आपला दोर पाठवला होता. तेही लिही, म्हणाला.

"थांब रे, हात दुखी ऱ्हायना मन्हा," भूपेंद्र म्हणाला.

साहेब आत आले तेव्हा नावं चाललीच होती. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी असा कबुलीजबाब पाहिला नव्हता. त्यांनी गुलाबसिंगसाठी चहा मागवला. गुलाबसिंगनं तो प्यायला, आणि पकडल्यापासून पहिल्यांदाच त्याला वाटलं की आपण काहीतरी नीट केलं.

रेवाबाई खाली शहाद्याला गेली. वकील रोहिणी पाटील हिचं नाव तिला ऊसतोडीच्या मुकादमानं दिलं होतं. वकीलबाईनं पंखा तिच्याकडं वळवला, सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की दहशतवादाच्या या कायद्यात माणसानं काय केलं हे फार पुढं येतं. आधी बघतात ते टोळी आहे का. जामीन मिळत नाही, खटला कधी उभा राहील ते देव जाणे. पण एकटा माणूस टोळी होत नाही. पोलिसांपुढं त्यानं जे काही सांगितलं ते कोर्टात टिकणार नाही. गुरुवारी मात्र तहसीलदारासमोर ओळखपरेड आहे. पथक त्या सगळ्या माणसांना गावातून बोलावून उभं करणार. तिथं त्यानं एकेकासमोर सांगावं की हा आला नव्हता. कुणीच आलं नव्हतं. मग टोळी उरत नाही, आणि ती माणसंही सुटतात, तोही सुटतो.

"तोंडावर सांगायचं?" रेवाबाईनं विचारलं.

"हो. फक्त नाही म्हणायचं. एवढंच तर आहे."

रेवाबाई बसून राहिली. वकीलबाईला वाटलं तिला समजलं नाही, म्हणून तिनं तेच पुन्हा सावकाश सांगितलं.

मग रेवाबाई पाड्यापाड्यावर फिरली. लाह बोलवायला नवरा फिरला होता तशीच, प्रत्येक अंगणात उभी राहून. गुरुवारी माझा माणूस तुम्हाला आला नव्हता म्हणेल, तुमच्या तोंडावर म्हणेल, ते पोटात ठेवू नका, असं तिनं सगळीकडं सांगितलं. माणसं हसली. उदेसिंग म्हणाला, मी तर खरंच आलो नव्हतो, मला उलट हो म्हटलं तर राग येईल. रेवजी डाया खाटेवर पालथा पडला होता. खांद्यावरची जखम चिघळली होती, माशा बसत होत्या. त्यानं ऐकलं आणि म्हणाला, "म्हणू दे. बोलण्यानं काय होतं."

त्याची बायको रूपलीबाई रेवाबाईला कुंपणापर्यंत सोडायला आली. "त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं होतं," ती म्हणाली.

बुधवारी रेवाबाईला तारेपलीकडून नवऱ्याशी बोलू दिलं. पावरीत, म्हणजे गावच्या बोलीत, बोलायला बंदी नव्हती, कारण ती पथकात कुणाला कळत नव्हती. तिनं सांगितलं. 

"रेवजी डायाला पण?"

"डायाला पण."

"त्यापेक्षा अजून मारू दे मला."

"मारून झालं त्यांचं," ती म्हणाली. "तू तिथं नावं घेतलीस. चहा प्यायलास. आता हे कर."

गुरुवारी शाळेच्या मैदानात तहसीलदार खुर्चीवर बसले. माणसं ओळीनं उभी केली होती. बाजूला जप्त मुद्देमाल मांडला होता. कुऱ्हाडी, दोर, आणि चिठ्ठी बांधलेलं आढं, जे गावातून इथवर आणायला डझनभर जवान लागले होते. बायकांना तारेबाहेर बसवलं होतं, चार-चारच्या गटानं, मधे अंतर ठेवून.

गुलाबसिंगला आणलं. तो पाय घासत चालत होता. पहिल्या माणसासमोर उभा राहिला आणि त्याच्या छातीकडं बघत म्हणाला, नाही. दुसऱ्यासमोर नाही. भीमसिंगसमोर नाही. उदेसिंगसमोर नाही. माणसांनी चेहरे दगडासारखे केले होते. तहसीलदारांनी प्रत्येक वेळी टीक मारली. मोहितेसाहेब पांढरे पडत चालले. त्यांच्या चौथ्या महिन्याचा अहवाल एकेक माणसागणिक शून्याकडं चालला होता.

शेवटी रेवजी डाया होता.

"हा?"

"नाही," गुलाबसिंग म्हणाला.

साहेबांना राहवलं नाही. त्यांनी आढ्याकडं बोट केलं. हे कोणी आणलं? मीच आणलं, गुलाबसिंग म्हणाला. एकट्यानं? एकट्यानं. तहसीलदारांनी आढ्याकडं पाहिलं, मग गुलाबसिंगच्या काटक्यांसारख्या हातांकडं, आणि पेनचं टोपण उगीचच काढून लावलं.

"म्हणजे या म्हाताऱ्यानं हात लावला नाही?"

"नाही." गुलाबसिंगला वाटलं, जितकं जास्त नाही म्हणावं तितकं डायाला सुरक्षित. "हा येतच नाही कुणाच्या लाहेला. कधीच आला नाही."

ओळीत कुणीतरी श्वास आत ओढला. भूपेंद्रनं साहेबांना मराठीत सांगितलं. मग दिवसभराच्या उन्हानं, कंटाळ्यानं म्हणा, किंवा आपल्याला विनोद येतो हे दाखवायला म्हणा, रेवजीकडं वळून म्हणाला, "मंग काय रे डोकरा, तू नुसता बकरं खावाले येस का?"

मैदानात दोन-तीन जवान हसले.

रेवजी डायाला अहिराणी येत होती. तरुणपणी त्यानं खाली तापीकाठच्या शेतांत सालगडी म्हणून सालं काढली होती, आणि हसणारी माणसं त्यानं तिथंही पाहिली होती. तो ओळीतून एक पाऊल पुढं आला. त्यानं सदऱ्याची वरची गुंडी सोडली, मग दुसरी, आणि कापड जखमेला चिकटलं होतं ते ओढून काढलं.

"मी उनथा," तो म्हणाला. "हाई आढं मन्हा खांदावर उनं. मन्हा बांधनं झाड शे ते. यान्ही लाहले पहिलं पाऊल मन्हं."

"डाया," गुलाबसिंग म्हणाला. "डाया, नको."

रेवजीनं त्याच्याकडं बघितलं नाही. तो तहसीलदारांना खांदा दाखवत उभा होता, अंगठेबहाद्दर माणूस सहीच्या जागी अंगठा पुढं करतो तसा.

भीमसिंगला आता उभं राहता येईना. तो पुढं आला आणि खड्डे मी खणले म्हणाला. डाया आला म्हणतो आणि मी नाही म्हणायचं, तर उद्या कुठल्या तोंडानं त्याच्या अंगणात जाऊ, असं तो पावरीत कुणाला तरी बडबडत होता. मग धुमुस मारणारे पुढं आले. वर चढून खाचा पाडणारे आले. जो तो आपण काय आणलं, काय केलं ते सांगू लागला. भूपेंद्र एकाला थांब म्हणे तो दुसरा सुरू होई. सगळ्यांत शेवटी उदेसिंग. मी तापात होतो, म्हणाला, पण तो दोर माझा आहे. त्यानं मुद्देमालातला दोर ओळखून दाखवला.

तारेबाहेर रेवाबाई उठून उभी राहिली. गट चारचा होता, म्हणून शिपायानं तिला काठीनं खाली बसवलं.

त्या संध्याकाळी अहवाल गेला. पथकाच्या दबावामुळं टोळीतल्या सर्व सदस्यांनी सक्षम अधिकाऱ्यासमोर, कोणत्याही जबरदस्तीवाचून, स्वतःहून सहभाग मान्य केला. यात एकही शब्द खोटा नव्हता. बोरीआंबा अतिसंवेदनशील ठरला आणि नाल्यापलीकडं दुसरा कॅम्प मंजूर झाला. ज्या गावात एकही दहशतवादी नव्हता तिथं आता पाड्यागणिक होते. कायदा किती परिणामकारक आहे, हे याहून स्पष्ट कसं दाखवणार?

गुलाबसिंगला सोडून दिलं. त्याच्या सांगण्यावरून टोळी उघडकीला आली, म्हणून साहेबांनी त्याला सरकारी साक्षीदार केलं. बेड्या कमी पडत होत्या. भूपेंद्रनं त्याच्या हातातली काढली आणि रेवजीला घातली. म्हाताऱ्याचं मनगट बारीक, ती घसरायला लागली, तेव्हा त्यानं आतून चिंधी गुंडाळली.

पथकानं स्वतःसाठी काढलेल्या कच्च्या वाटेनं आलेली गाडी मैदानात उभी होती. माणसं चढली, चढता चढता एकमेकांना जागा करून देत होती. गुलाबसिंग पाय ओढत मागच्या दारापाशी गेला.

"मला पण घ्या," तो म्हणाला.

"जागा नही शे."

"मी उभा राहीन."

"तुन्हं काम व्हई गयं ना भो," भूपेंद्र म्हणाला. आवाज मऊ होता. "घर जाय आता." त्यानं कडी लावली.

बायकांना आता आत सोडलं होतं. रेवाबाईच्या हातात भाकऱ्यांचं गाठोडं होतं. आज तो सुटेल, त्याला भूक लागली असेल, म्हणून पहाटे उठून तिनं केल्या होत्या. ती आली ती गुलाबसिंगच्या अंगावरून पुढं गेली. गाडीच्या जाळीला एका कोपऱ्यात फट होती. तिनं गाठोडं सोडलं आणि एकेक भाकरी दुमडून आत सरकवायला लागली. आतून हात पुढं येत होते. रेवजीनं आपली घेतली, दातानं तोडून अर्धी शेजाऱ्याला दिली.

"बाई," तो आतून म्हणाला, "पुढल्या पावसाला नीट झाका ते लाकूड. परत देतील तेव्हा देतील, पण तोवर भिजू देऊ नका."

"हो, डाया."

गुलाबसिंग तिच्या मागं उभा होता. त्यानं जाळीजवळ तोंड नेलं, काही म्हणायला म्हणून. आतली माणसं खाण्यात होती. कुणी वर बघितलं नाही. गाडी सुरू झाली, धूळ उडाली, आणि जाळीला टेकलेले त्याचे हात तसेच हवेत राहिले.

रूपलीबाई गाडीमागं थोडी धावली आणि थांबली. बाकीच्या बायका आपापल्या पाड्यांच्या वाटेला लागल्या, चार-चारनं, अंतर ठेवून. आता कुणी सांगितलं नव्हतं तरी.

गुलाबसिंगनं हात पुढं केला. गाठोड्यात काही उरलं आहे का, एवढंच त्याला बघायचं होतं. रेवाबाईनं रिकामं फडकं त्याच्यासमोर झटकलं, दोनदा, नाल्यावरच्या लाकडापाशी झटकून दाखवावं तसं. मग ते डोक्याला बांधलं आणि ती चालू लागली. चल, असं ती म्हणाली नाही.